ग्राफ पेपरवरची भुयारे: घरगुती भूमिका-खेळांच्या पुनरुज्जीवनाचा मागोवा

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून प्रसिद्ध झाला आणि स्वतःचे अद्भुत जग घरीच रचण्याच्या छंदाला प्रथमच छापील नियमांचा आधार मिळाला. भूमिका-खेळ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एक जण सूत्रधार होतो, म्हणजे जगाचा नकाशा, त्यातील राक्षस, खजिने आणि सापळे त्याच्या ताब्यात असतात. इतरांपैकी प्रत्येक जण योद्धा, जादूगार किंवा पुरोहित अशा एका पात्राच्या वतीने बोलतो व निर्णय घेतो, आणि ज्या कृतीचा परिणाम अनिश्चित असेल तिचा निकाल फाशांवर लागतो. पहिल्या एक हजार पेट्यांत प्रत्येकी तीन पातळ पुस्तिका होत्या. त्यांत नियम होते, नमुन्यादाखल भुयाराचा एखादा तुकडाही होता; परंतु बाकीचे भुयार सूत्रधाराने स्वतः खोदावे, म्हणजे ग्राफ पेपरवर चौकोन मोजत खोल्या आखाव्यात, प्रत्येक खोलीला क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकापुढे आत काय आहे ते वहीत टिपून ठेवावे, अशी अपेक्षा होती.

त्या अपेक्षेतून पुढील दहा-पंधरा वर्षांत अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधील घराघरांत जे साहित्य तयार झाले, त्याला आज पुन्हा हात घातला जात आहे: पिवळे पडलेले नकाशे स्वच्छ केले जातात, टिपणे टंकलिखित होतात, जुन्या नियमांतले आकडे नव्या नियमांत बसवले जातात. या खटाटोपाचा इतिहास जवळजवळ खेळाइतकाच जुना आहे आणि तो तपासताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. घरगुती टिपण हा खेळाचा अर्धाच भाग असतो. कीर्तनकाराच्या वहीत आख्यानाची चार नावे आणि दोन पदांचे आरंभ असावेत आणि कीर्तन मात्र उभे राहिल्यावरच घडावे, तसा उरलेला भाग सूत्रधाराच्या तोंडून त्या त्या संध्याकाळी घडत असे. म्हणूनच पुनरुज्जीवनाचे यशापयश ठरते ते या न लिहिलेल्या अर्ध्याचे काय केले यावर. आकड्यांच्या रूपांतराचे महत्त्व त्यानंतरचे.

आर्नेसनचे 'ब्लॅकमूर' हे या परंपरेतील पहिले जग. मिनेसोटातील मिनियापोलिस–सेंट पॉल या जुळ्या शहरांतल्या युद्धखेळ खेळणाऱ्या मंडळींसाठी १९७१ पासून तो ते चालवीत होता, म्हणजे नियम छापले जाण्यापूर्वीच हे जग नांदते होते. १९७७ मध्ये इलिनॉयमधील 'जजेस गिल्ड' या प्रकाशनसंस्थेने आर्नेसनची टिपणे 'द फर्स्ट फँटसी कॅम्पेन' या नावाने छापली, आणि ती बव्हंशी जशी होती तशीच छापली. वेगवेगळ्या काळातील नोंदी त्यात शेजारी शेजारी येतात, सैन्याच्या खर्चाचे कोष्टक आणि भुयारातील खोल्यांची यादी यांचा परस्परसंबंध वाचकालाच लावावा लागतो. विक्रीयोग्य वस्तू म्हणून पुस्तक गोंधळाचे आहे यात शंका नाही. तरीही संपादनाचा हात फारसा न फिरल्यामुळेच आज अभ्यासकाला ते अधिक मोलाचे वाटते. पुढे १९८६–८७ मध्ये याच जगाला व्यावसायिक साहस-पुस्तिकांचे आणि २००४ मध्ये तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांचे रूप देण्यात आले. ही रूपे खेळायला निश्चितच सोपी आहेत, परंतु मूळ मंडळी टेबलावर नेमके काय करीत होती याचा माग काढायचा असेल तर आजही १९७७ च्या त्या विस्कळीत पुस्तकाकडेच वळावे लागते.

गायगॅक्सच्या 'ग्रेहॉक' किल्ल्याची कहाणी अधिक शिकवणारी आणि अधिक दुःखद आहे. १९७२ च्या अखेरीस आर्नेसनने लेक जिनिव्हाला येऊन ब्लॅकमूर खेळून दाखवल्यानंतर गायगॅक्सने आपले स्वतःचे भुयार आखले, आणि त्यात उतरणारे पहिले खेळाडू होते त्याची मुले अर्नी आणि एलिस. भुयाराच्या पातळ्या वाढत तेरापर्यंत गेल्या. पुढे रॉबर्ट कुंट्झ हा सहसूत्रधार झाल्यावर त्यांत आणखी भर पडली. या किल्ल्याची कीर्ती जगभर पसरली आणि पानोपान वर्णन असलेली मूळ वही कधीतरी छापून येईल, अशी वाट खेळाडू कित्येक दशके पाहत राहिले. तशी वही अस्तित्वातच नव्हती. एखाद्या खोलीसमोर राक्षसाचे नाव, त्याची संख्या आणि खजिन्याची किंमत एवढीच ओळ लिहिलेली असे, आणि उरलेले सर्व गायगॅक्स बोलता बोलता रचत असे.

त्याने १९८० च्या दशकाच्या मध्यास हा खेळ प्रसिद्ध करणारी स्वतःची कंपनी सोडल्यानंतर ग्रेहॉक हे नाव कंपनीकडेच राहिले. कंपनीने १९८८ मध्ये या नावाने जे पुस्तक काढले ते विडंबनात्मक होते, आणि मूळ किल्ल्याची वाट पाहणाऱ्यांवर तो उघड अन्याय होता. १९९० मधील 'ग्रेहॉक रुइन्स' गंभीर होते, परंतु त्यामागे गायगॅक्सची टिपणे नव्हती. शेवटी गायगॅक्सने 'कॅसल झॅगिग' असे दुसरे नाव घेऊन ट्रोल लॉर्ड गेम्स या प्रकाशनसंस्थेसाठी काम सुरू केले. पहिला जाडजूड खंड २००५ मध्ये आला आणि त्यात किल्ल्याऐवजी जवळचे नगर व भोवतालचा प्रदेश होता. किल्ल्याचा वरचा भाग २००८ मध्ये आला. त्याच वर्षी ४ मार्चला गायगॅक्सचे निधन झाले, आणि भुयाराच्या खोल पातळ्या छापून येण्याचे राहूनच गेले. प्रकृती आणि वय ही कारणे खरीच, परंतु कामाच्या स्वरूपातही अडचण होती. एका ओळीची नोंद परक्या सूत्रधाराला वापरता यावी म्हणून ती परिच्छेदभर वाढवावी लागते, आणि शेकडो खोल्यांच्या बाबतीत असे करणे म्हणजे तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची उत्स्फूर्तता कागदावर नव्याने निर्माण करणे होय. ते जीर्णोद्धारापेक्षा नवनिर्मितीच्या अधिक जवळचे आहे.

याच्या उलट उदाहरण ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याच्या 'रेव्हनलॉफ्ट'चे आहे. रक्तपिपासू सरदार स्ट्राडच्या किल्ल्याची ही कथा त्यांनी आधी घरच्या मंडळींत, हॅलोवीनच्या सुमारास, खेळून पाहिली आणि १९८३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्या रचनेत एक विलक्षण सोय आहे: खेळाच्या आरंभी पत्ते काढून भविष्यकथन होते, आणि त्या पत्त्यांवरून स्ट्राड किल्ल्यात कुठे भेटेल, त्याचा हेतू काय असेल आणि त्याच्याविरुद्ध उपयोगी पडणाऱ्या वस्तू कुठे दडलेल्या असतील हे ठरते. म्हणजे दर वेळी बदलणारा भाग सूत्रधाराच्या स्मरणावर न सोडता लेखकांनी तो नियमातच गुंफला. २००६ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये, या दुसऱ्या वेळी 'कर्स ऑफ स्ट्राड' या नावाने, या किल्ल्याचे नूतनीकरण झाले, नियमांची आवृत्ती पूर्णपणे बदलली, तरी पत्त्यांची ही युक्ती टिकून राहिली आणि तिच्यामुळे साहसाचा गाभाही टिकला. बदलले ते दुसरेच: भटक्या व्हिस्तानी लोकांचे चित्रण युरोपातील रोमा समाजाविषयीच्या जुन्या पूर्वग्रहांवर बेतलेले होते, आणि २०२० मध्ये प्रकाशकांनी ते सुधारण्यास घेतले. जुन्या घरगुती वह्यांतही असा उसनवारीचा माल विपुल आढळतो. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या ग्रंथातील राक्षस हा वाघाच्या तोंडाचा, युरोपीय अंगरख्यातला आणि मंत्रित बाणाने मरणारा आहे. रामायण ऐकत वाढलेल्या वाचकाला तो अनोळखीच वाटेल, कारण त्याचे जवळचे नाते १९७० च्या दशकातील एका अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेशी दिसते. अशी नोंद वहीत सापडली म्हणजे ती तशीच ठेवायची, सुधारायची की टाकायची, हा निर्णय कोणतेही कोष्टक देऊ शकत नाही.

कोष्टके मात्र आहेत, आणि त्यांची गरजही खरी आहे. चिलखताचा अंक, म्हणजे एखाद्यावर घाव बसणे किती अवघड आहे हे सांगणारी संख्या, जुन्या नियमांत उलटी चालत असे. ती जितकी लहान तितके संरक्षण चांगले. २००० मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने काढलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ही दिशा फिरवली गेली आणि कंपनीने जुनी पात्रे नव्या नियमांत आणण्यासाठी एक रूपांतर-पुस्तिकाही दिली. वीसमधून जुना अंक वजा करावा, म्हणजे नवा अंक मिळतो, हा ढोबळ नियम. साखळीच्या चिलखताचा जुना ५ त्याने १५ होतो. परंतु १९७४ च्या नियमांत चिलखत नसलेल्या माणसाचा अंक ९ होता, तर पुढच्या 'प्रगत' आवृत्तीत तो १० झाला, आणि साखळीचे चिलखत मात्र दोन्हींत ५ वरच राहिले. त्यामुळे वहीत नुसते '५' लिहिलेले असेल, तर लिहिणाऱ्याने कोणते पुस्तक समोर ठेवले होते हे आधी ओळखावे लागते, कारण पहिल्या बाबतीत वजाबाकी १९ मधून करावी लागेल आणि उत्तर १४ येईल. प्राणांकांचे, म्हणजे पात्र किती मार सोसू शकते हे दाखवणाऱ्या संख्येचे, अंतर याहून मोठे आहे: १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मधील सर्वांत बलाढ्य लाल ड्रॅगनचे प्राणांक ८८ होते, तर २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतील प्राचीन लाल ड्रॅगनचे ५४६ आहेत. ८८ प्राणांकांचा ड्रॅगन तसाच नव्या खेळात सोडला, तर तो काही क्षणांत आडवा होईल.

तरीही खरी फसगत आकड्यांत होत नाही. जुन्या नियमांत भुयारातून सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णनाण्यामागे पात्राला अनुभवाचा एक गुण मिळे, आणि राक्षस मारल्याचे गुण त्या मानाने थोडे असत. म्हणून शहाणे खेळाडू लढाई टाळत, राक्षसाला फसवत, लाच देत, मागच्या दाराने खजिना गाठत. तिसऱ्या आवृत्तीत हा नियम गेला आणि शत्रूवर मात करणे हाच गुण मिळवण्याचा मुख्य मार्ग ठरला. परिणामी, प्रत्येक आकडा बिनचूक रूपांतरित केला तरी जुने भुयार निराळ्याच गोष्टीला बक्षीस देऊ लागते: गुप्त दारामागची संदूक निव्वळ पैशाची होते, आणि ज्याला वळसा घालून जावे म्हणून दारात बसवला तो राक्षस मारण्यासाठीच ठेवल्यासारखा वाटतो. आकडे बदलण्यापूर्वी ते कोणत्या वागणुकीसाठी मांडले होते हे विचारणे, ही नूतनीकरणाची पहिली पायरी मानली पाहिजे.

ही जाणीव रूढ होण्यास २००६ नंतरच्या चळवळीने मोठा हातभार लावला. २००० मध्ये तिसऱ्या आवृत्तीबरोबर आलेल्या खुल्या परवान्याने नियमांचा मोठा भाग कोणालाही वापरण्यास मोकळा केला होता. त्याचा आधार घेऊन काही छांदिष्टांनी नव्याऐवजी जुनेच नियम नव्या शब्दांत लिहून काढले. २००६ मध्ये 'ऑस्रिक', २००७ मध्ये 'लॅबिरिंथ लॉर्ड' आणि २००८ मध्ये 'स्वोर्ड्स अँड विझर्ड्री' आले, आणि जुनी वही नव्या नियमांत कोंबण्याऐवजी तिच्याच जातीच्या नियमांनी खेळण्याची वाट खुली झाली. दुसरीकडे जुने व नवे शेजारी शेजारी ठेवणारी पुनर्मुद्रणेही निघाली. गुडमन गेम्सने २०१८ मध्ये दोन जुन्या साहस-पुस्तिका मूळ पानांसह आणि पाचव्या आवृत्तीतील रूपांतरासह एकत्र छापल्या. त्यांपैकी 'इन सर्च ऑफ द अननोन' ही पुस्तिका या विषयात विशेष लक्ष देण्याजोगी आहे, कारण मूळ लेखक माइक कार याने खोल्यांची वर्णने देऊन राक्षस आणि खजिना यांच्यासाठी मोकळ्या जागा सोडल्या होत्या. नवशिक्या सूत्रधाराने पेन्सिलीने त्या भराव्यात आणि भरता भरता रचना शिकावी, असा तिचा हेतू होता. कोरी जागा हीच येथे लेखकाची देणगी होती, आणि नूतनीकरण करणाऱ्याने ती सरसकट भरून टाकली तर पुस्तिकेतले शिक्षणच नाहीसे होते.

नामवंतांच्या वह्यांबरोबर अनामिकांच्या वह्याही जपल्या पाहिजेत, हा विचार उशिरा आला. टिमथी हचिंग्ज या कलावंताने लोकांच्या घरांतून नकाशे, पात्रपत्रके आणि हस्तलिखित साहसे गोळा करणारा एक संग्रह उभारला, जो पुढे न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील 'द स्ट्राँग' या खेळविषयक राष्ट्रीय संग्रहालयात गेला. त्यातील निवडक साहसांचे पुस्तकही निघाले, आणि त्याच्या शीर्षकातले मुख्य साहस एका किशोरवयीन मुलाने अशासाठी लिहिले होते की गायगॅक्सच्या कंपनीच्या प्रसिद्ध साहस-मालिकेत डोंगर, बर्फ आणि अग्नी यांचे महाकाय राक्षस येऊन गेले, पण पाषाणाचे राहून गेले. उणीव दिसताच ती स्वतः भरून काढायची, ही त्या पिढीची वृत्ती यातून स्वच्छ दिसते.

अशा संग्रहात सूत्रधाराच्या नकाशाइतकेच महत्त्व खेळाडूंनी काढलेल्या नकाशांना आहे. सूत्रधार तोंडी वर्णन करी आणि ते ऐकून खेळाडूंपैकी कोणी तरी दुसऱ्या कागदावर भुयार उतरवून घेई. साहजिकच त्यात कोपरे चुकत, खोल्या वाकड्या होत, न सापडलेली दालने कोरी राहत. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले तर मंडळी कुठपर्यंत पोहोचली, कुठे थबकली आणि कोणत्या गुप्त दारावरून नकळत पुढे गेली, हे कळते. एकाच भुयाराचे दोन्ही नकाशे हाती असतील, तर नूतनीकरणाला सुरुवात खेळाडूंच्या नकाशापासून करणेच अधिक योग्य, कारण न लिहिलेल्या अर्ध्याचा लेखी पुरावा असलाच तर तो त्या चुकलेल्या रेषांतच सापडतो.