मराठी नाव, संगणक आणि आपली प्रोग्रामर मुले

शाळेचा दाखला, जातीचा दाखला, रेशन कार्ड, आधार, बँकेचे पासबुक. आपल्या प्रत्येक घरात या कागदांची एक पिशवी असते. माणूस एकच, पण प्रत्येक कागदावर नाव मात्र थोडे थोडे निराळे. कुठे ‘लक्ष्मीबाई’, कुठे ‘लक्ष्मिबाई’, तर कुठे नुसतेच ‘लक्ष्मी’. पूर्वी खिडकीवरचा कारकून चष्मा वर करून बघे आणि एकच बाई आहे हे समजून घेई. आता अर्ज संगणकावर जातो. संगणक एका ओळीत उत्तर देतो, ‘नाव जुळत नाही’. तेवढ्यावर मुलाची शिष्यवृत्ती अडते आणि बापाची एक दिवसाची मजुरी बुडते.

आम्ही दिवसा कारकुनी करतो आणि संध्याकाळी वस्तीतील मुलांचे अर्ज भरून देतो. संगणक असा आडमुठेपणा का करतो, हे आम्ही आपल्याच नात्यागोत्यातील मुलांना विचारले. ही मुले नगरला शिकून पुण्यात प्रोग्रामर झाली आहेत. मराठी नावाशी त्यांची रोजच झटापट चालते. त्यांच्याकडून जे समजले, ते वाचकांपुढे ठेवतो.

संगणकाला अक्षर दिसत नाही

संगणकाला फक्त आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला आहे. इंग्रजी मोठ्या ‘ए’ला ६५, तर आपल्या ‘क’ला २३२५. जगातील सर्व लिप्यांना असे क्रमांक देणाऱ्या पद्धतीला युनिकोड म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. भारतीय लिप्यांसाठी आपल्याकडे आधीच ‘इस्की’ नावाची सांकेतिक पद्धत तयार झाली होती आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणी तिच्यावरूनच बेतली आहे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय भाषा संगणकावर आणण्याचे मोठे काम केले, हेही आपण लक्षात ठेवावे.

मग घोळ कुठे झाला? कचेऱ्यांतून आणि छापखान्यांतून वर्षानुवर्षे जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरले गेले. त्यात पडद्यावर मराठी दिसे, पण पोटात इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवले जात. फॉन्ट म्हणजे वरून चढवलेला सदरा. तो सदरा नसलेल्या दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली, की ‘भीमराव’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा निरर्थक चिवडा दिसे. विंडोज २००० पासून ‘मंगल’ फॉन्ट आणि युनिकोडची देवनागरी घरोघरच्या संगणकांत येऊ लागली. पण जुन्या फायली काही आपोआप बदलल्या नाहीत. त्या युनिकोडमध्ये आणणे आणि आणताना एकही काना-मात्रा गळू न देणे, हे आजही प्रोग्रामरच्या वाट्याला येणारे काम आहे.

चार अक्षरे, दहा खुणा, तीस बाइट

‘लक्ष्मीबाई’ या नावात अक्षरे किती? आपण म्हणू चार : ल, क्ष्मी, बा, ई. संगणक मोजतो दहा. कारण क, ष, म, दोन वेळा येणारा पाय मोडण्याचा हलंत, वेलांटी आणि काना ही प्रत्येक खूण त्याच्या लेखी वेगळी. शिवाय नेहमीच्या साठवणीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. म्हणजे या एका नावाला तीस बाइट. इंग्रजी स्पेलिंगला प्रत्येक अक्षरामागे एकच बाइट पुरतो.

आता समजा, इंग्रजीच डोळ्यांपुढे ठेवून कोणी नावाच्या रकान्याला वीस बाइटांची जागा ठेवली. आपल्या आजीचे नाव ‘लक्ष्म’ या ठिकाणी तुटते आणि पुढे एखादी विचित्र चौकट उमटते. आजीचा यात काय दोष? मराठी एसएमएसचेही तसेच आहे. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरे मावतात, तर देवनागरीत फक्त ७० खुणा.

दिसायला एक, आत दोन

याहून अवघड दुखणे पुढेच आहे. राहाता तालुक्यातील कोऱ्हाळे गावाचे नाव घ्या. त्यातील ‘ऱ्ह’चा अर्धा र संगणकावर तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे मराठीसाठी ठेवलेला ‘ऱ’ वापरून, दुसरी साध्या ‘र’ला नुक्ता देऊन, आणि तिसरी ‘र’चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. आतले क्रमांक मात्र वेगळे असतात, म्हणून संगणक तीन गावे समजतो! पहिल्या दोन तऱ्हा एकच धरण्याचा नियम युनिकोडने दिला आहे. तिसरीची सोय प्रोग्रामरने स्वतः करायची.

‘ॲड.’ हे आपल्या वकिलांच्या नावामागचे अक्षर असेच. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला. त्याआधीची माणसे ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवत. अजूनही दोन्ही प्रकार चालू आहेत आणि यादीत एकच वकील दोनदा सापडतो.

प्रोग्रामरची आवक-जावक

अशी चूक शोधायची कशी? आम्ही बी.कॉम. शिकलो, म्हणून आम्हाला ही गोष्ट चटकन पटली. तेरीज जुळली नाही, की आपण खतावणीची एक एक नोंद तपासतो. प्रोग्रामरकडे ‘डीबगर’ नावाचे साधन असते. ते प्रोग्राम एका ओळीवर थांबवते आणि त्या क्षणी आत काय काय साठले आहे ते दाखवते. मग पुढची ओळ, मग त्यापुढची. कधी तीन तासांनी कळते, की दोष एका न दिसणाऱ्या जोडचिन्हाचा होता.

दुसरे साधन ‘गिट’. लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते २००५ साली तयार केले. हे म्हणजे प्रोग्रामरचे आवक-जावक रजिस्टरच. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली आणि का बदलली, याची नोंद त्यात राहते. बदल चुकला तर मागच्या नोंदीवर परत जाता येते. शिवाय शहाणा प्रोग्रामर अवघड नावांची एक यादी जवळ ठेवतो. प्रत्येक बदलानंतर कोऱ्हाळे, लक्ष्मीबाई, ॲड. ही सारी नावे प्रोग्राममधून पुन्हा फिरवून बघतो. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने क्षणात प्रोग्राम लिहून देतात. तरी तो आपल्या नावांवर चालतो की नाही, याची जबाबदारी माणसावरच राहते. ज्याने कोऱ्हाळे कधी लिहिलेच नाही, त्याच्या यादीत ते नाव येईल कसे?

नावाबाबतचा एक धडा तर आपल्या जिल्ह्यानेच दिला. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. लाखो जुन्या दाखल्यांवर मात्र जुनेच नाव आहे. ज्या प्रोग्राममध्ये जिल्हा नुसत्या नावाने ओळखला जातो, तिथे जुने आणि नवे असे दोन जिल्हे होऊन बसतात. जिथे जिल्ह्याला क्रमांक दिलेला आहे, तिथे फक्त पाटी बदलावी लागते. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याचा क्रमांक ५२२ होता. पाटी बदलली तरी त्या जनगणनेची माहिती त्याच क्रमांकाखाली सापडते.

आपण काय करावे

घरातील प्रत्येकाचे नाव मराठीत आणि इंग्रजीत एकदा नीट ठरवून वहीत लिहून ठेवा. शाळेत पहिले नाव घालताना ती वही बरोबर न्या, कारण पुढचे बहुतेक कागद त्या नोंदीवरूनच तयार होतात. संगणकावर मराठी लिहिताना युनिकोडच वापरा. बरोबर दिसणारे नाव जुळत नसेल, तर जुन्या फाइलमधून उचलून चिकटवलेले नाव खोडा आणि पुन्हा हाताने टाइप करून बघा. तरीही अडले तर पडद्यावर आलेला संदेश अक्षरशः उतरवून घ्या. ‘कॉम्प्युटर घेत नाही’ या तक्रारीवरून कोणालाच काही शोधता येत नाही. कागदांवरची नावे खरोखरच वेगळी असतील, तर नावातील बदल राजपत्रात प्रसिद्ध करून घेण्याची सोय आहे.

आणि एक मागणे आईबापांकडे. मुलगी रात्री पडद्याकडे नुसती बघत बसली, बोटे हलत नाहीत, म्हणून ‘काय टाइमपास चाललाय’ असे म्हणू नका. ती चूक शोधत असते, आणि या धंद्यातले निम्मे काम तेच आहे. गिट, पायथॉन, लिनक्स ही साधने फुकट मिळतात. लागतो तो एक संगणक, चुकीचे संदेश वाचता येण्याइतके इंग्रजी आणि घरातला एक शांत कोपरा. सेकंडहँड संगणक चार घरांनी मिळून घेता येईल, कोपरा तर समाजमंदिरातही मिळेल. लक्ष्मीबाईंच्या नावाला किती जागा लागते, हे तिच्या नातीला कोणी शिकवावे लागत नाही. उद्या तो रकाना आखायला ती नातच बसली पाहिजे.