ऑटोमॅटिक गिअर ‘स्लिप’ होतो तेव्हा

१९९६ ते २००२ या काळातल्या अनेक डॉज रॅम पिकअपमध्ये ५.९ लिटरच्या कमिन्स डिझेल इंजिनाला ‘४७आरई’ हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडलेला असे. इंजिनाचे फेरे वाढतात, पण वेग तेवढा वाढत नाही, याला गिअर ‘स्लिप’ होणे म्हणतात. अशा वेळी गिअरबॉक्स लगेच खोलायला देऊ नका.

आधी ऑइल पाहा. गाडी गरम करून, सपाट जागी, हँडब्रेक लावून आणि इंजिन चालू ठेवून डिपस्टिक काढा. मात्र लिव्हर न्यूट्रलमध्येच हवा. पार्कमध्ये पातळी चुकीची दिसते. ऑइल काळपट असेल आणि त्याला करपट वास येत असेल, तर क्लचच्या प्लेटा जळू लागल्या आहेत.

मग थ्रॉटलपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबल तपासा. ऑइलचा दाब इंजिनावरच्या भारानुसार वाढवणे हे तिचे काम. ती ढिली असेल तर दाब कमी पडतो आणि धडधाकट क्लचही घसरतो.

यानंतर कोणत्या गिअरमध्ये घसरते ते नोंदवा. तिसरा आणि रिव्हर्स दोन्ही घसरत असतील, तर संशय पुढच्या क्लचवर. रिव्हर्स ठीक, पण पुढचे सगळे गिअर घसरत असतील, तर मागच्या क्लचवर. फक्त चौथा घसरत असेल, तर ओव्हरड्राइव्हवर.

शेवटी मेकॅनिककडून गेज लावून दाब मोजून घ्या. तोवर ट्रेलर ओढू नका. घसरणारा क्लच भाराखाली फार लवकर जळतो.