न दिसणाऱ्या विषाची किंमत

चिंचपोकळी स्टेशनाबाहेर खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी तुम्ही कधी ना कधी घेतली असेल. एखादा दाणा खवट लागला, तर तुम्ही तो लगेच थुंकून टाकता. पण असे एक विष आहे की जे डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि दाणे भाजूनही पुरते नाहीसे होत नाही. त्याचे नाव अफ्लाटॉक्सिन.

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. शोध घेता घेता शास्त्रज्ञ त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोहोचले. तिच्यात ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ या बुरशीचे विष होते. १९७४ साली राजस्थान-गुजरातमधील बांसवाडा व पंचमहाल भागांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे यकृताच्या विकाराने दगावली. हे विष थोडे थोडे वर्षानुवर्षे पोटात गेले, तर यकृताचा कर्करोगही होऊ शकतो.

हे विष किती असले म्हणजे जास्त? प्रक्रियेसाठी जाणाऱ्या भुईमुगात किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, ही भारतातील मर्यादा. म्हणजे १०० कोटी भागांत १५ भाग. १०० कोटी सेकंद म्हणजे सुमारे ३२ वर्षे; त्यातले फक्त १५ सेकंद! मात्र अतिनील किरणांत हे विष निळे किंवा हिरवे चमकते. प्रयोगशाळेत ते असे पकडता येते.

मग उपाय काय? या बुरशीचे काही प्रकार विष तयारच करीत नाहीत. अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर कॉटी यांनी त्यांनाच कामाला लावले. उगवू नये म्हणून ज्वारी भाजतात, तिच्यावर निरुपद्रवी बुरशीचे बीजाणू चढवतात आणि पीक फुलोऱ्यावर येण्यापूर्वी दोन-तीन आठवडे हेक्टरी दहा किलो दाणे शेतात फेकतात. लोकलमध्ये जो आधी चढतो तो जागा पटकावतो ना, तसेच येथे घडते. विषारी बुरशीला जागाच उरत नाही. आफ्रिकेत ‘अफ्लासेफ’ या नावाने हे दाणे विकले जातात.

पण ते विकत कोण घेणार? ‘यासाठी तुम्ही किती पैसे द्याल?’ असे अर्थशास्त्रज्ञ शेतकऱ्यांना विचारतात. समजा, साताऱ्याच्या एका शेतकऱ्याने खर्च केला आणि त्याच्या शेजाऱ्याने केला नाही. बाजारात दोघांचे दाणे सारखेच दिसतात, भावही सारखाच मिळतो. खर्च शेतकऱ्याचा आणि फायदा मात्र पुडी घेणाऱ्या तुमचा! मग त्याने हात आखडता घेतला, तर त्याला दोष कसा द्यावा?

नायजेरियात यावर एक तोड काढली गेली. २०१३ ते २०१९ या काळातील एका योजनेत अफ्लासेफ वापरून पिकवलेल्या मक्याला टनामागे १८.७५ डॉलर बक्षीस मिळे. युरोपात थेट खाण्याच्या शेंगदाण्यांत किलोमागे फक्त ४ मायक्रोग्रॅम विष चालते. तेथे माल पाठवायचा असेल, तर स्वच्छ दाण्याला आपोआप मोल येते. म्हणजे शेतकऱ्याची तयारी त्याच्या मनाइतकीच बाजाराच्या तराजूवर अवलंबून असते.

आता एक प्रश्न तुम्हाला. तपासलेल्या, निर्धोक दाण्यांची पुडी थोडी महाग मिळाली, तर तुम्ही किती पैसे जास्त द्याल? घरी आईवडिलांनाही विचारा. साताऱ्याच्या त्या शेतकऱ्याचे उत्तर बरेचसे तुमच्या उत्तरावर ठरणार आहे.