फाशातून डोंगर, डोंगरातून खेळ

मित्रांनो, घरात लुडोचा फासा आहे ना? मग तो काढा. आलेखाचा एक सुटा कागद घ्या (गणिताच्या वहीतला फाडू नका, नाहीतर माझं नाव पुढे कराल!) आणि पेन्सिलीला टोक करा. आज आपण एक डोंगर करणार आहोत.

कागदावर खालच्या बाजूला सोळा घरांची आडवी रेघ ओढा. ही आपली जमीन. रेघेच्या दोन्ही टोकांवर १० घरं उंचीवर एकेक ठिपका द्या. आता रेघेच्या बरोबर मधोमध, म्हणजे आठव्या घराशी, उंची किती ठेवायची? आधी दोन्ही टोकांची सरासरी काढा. ती आहे १०. मग फासा टाका. ४, ५ किंवा ६ पडले तर १, २ किंवा ३ घरं वर जायचं. ३, २ किंवा १ पडला तर १, २ किंवा ३ घरं खाली यायचं. फक्त पहिल्या फेरीत जे येईल त्याची दुप्पट करायची.

मी टाकला तेव्हा ६ पडला. म्हणजे ३ घरं वर, त्याची दुप्पट ६. मधला ठिपका गेला १६ वर.

दुसऱ्या फेरीत दोन नवे ठिपके येतात, चौथ्या आणि बाराव्या घराशी. दोन्हीकडे शेजाऱ्यांची सरासरी १३. या वेळी दुप्पट नाही. मला २ आणि ५ पडले, म्हणून एक ठिपका ११ वर आला, दुसरा १५ वर. तिसऱ्या फेरीत आणखी चार ठिपके, आणि आता फाशाचं दान निम्मं करायचं. सगळे ठिपके जोडल्यावर माझ्या उंचीची यादी अशी झाली : १०, ९, ११, साडेचौदा, १६, १५, १५, १३, १०.

जोडून पाहा. डावीकडे आधी थोडा खळगा, मग उभा कडा, वर शिखर आणि त्याला लागून चांगली सपाट माची! फक्त सात वेळा फासा टाकला आणि कागदावर गड उभा राहिला. तुमचा गड अर्थातच वेगळा येईल.

यातली खरी गोम आहे ती दर फेरीत दान निम्मं करण्यात. विश्वास नसेल तर न करता पाहा, डोंगराऐवजी करवतीचे दात मिळतील. सह्याद्री लांबून पाहिला तर दोन-चार मोठे चढउतार दिसतात. जवळ गेलं की त्यांच्यावर टेकाडं, टेकाडांवर धोंडे, धोंड्यांवर खरबरीतपणा. मोठे उंचवटे थोडे, लहान उंचवटे पुष्कळ. आपण कागदावर नेमकं तेच केलं.

ही युक्ती पडद्यावर आणणाऱ्यांत लॉरेन कारपेंटर हे नाव घ्यावंच लागतं. ते अमेरिकेत बोइंग या विमानांच्या कंपनीत कामाला होते. विमानांच्या चित्रांमागे खरे वाटतील असे डोंगर हवेत, हा त्यांचा ध्यास. बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञाचं पुस्तक वाचून त्यांना मार्ग सापडला : त्रिकोण घ्यायचा, त्याचे तुकडे करायचे, कोपरे थोडे वरखाली हलवायचे, पुन्हा तुकडे करायचे. १९८० मध्ये त्यांनी डोंगरांवरून उडत जाण्याची दोन मिनिटांची फिल्म दाखवली आणि 'स्टार वॉर्स'वाल्या लुकासफिल्म कंपनीनं त्यांना लगेच बोलावून घेतलं. पुढे केन पर्लिन यांनी १९८३ च्या सुमारास आणखी एक रीत शोधली. तिला 'पर्लिन नॉइज' म्हणतात. मोठ्या लाटेवर लहान लाट, तिच्यावर आणखी लहान, असे थर चढवायचे. डोंगर, ढग, संगमरवराच्या रेषा, सगळं त्यातून निघतं. या कामाबद्दल त्यांना १९९७ मध्ये ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. एका सूत्राला ऑस्कर, आहे की नाही गंमत!

आता प्रश्न असा की काँप्युटर फासा कुठून आणतो? आणत नाही. त्याला एक आकडा द्यायचा, त्याला 'सीड' म्हणजे बी म्हणतात. त्या आकड्यावर तो ठरावीक आकडेमोड करतो आणि फाशासारखे दिसणारे आकडे काढत राहतो. बी तेच असेल तर आकडे तेच आणि डोंगरही तेच. म्हणून 'माइनक्राफ्ट' खेळताना तुम्ही तुमच्या जगाचं बी मैत्रिणीला सांगितलंत आणि तिच्याकडे खेळाची तीच आवृत्ती असली, तर तिलाही तीच नदी आणि तीच टेकडी मिळते.

ही बियांची करामत जुनी आहे, बरं का. १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या डेव्हिड ब्रॅबेन आणि इयान बेल या दोन विद्यार्थ्यांनी 'एलीट' नावाचा अंतराळाचा खेळ केला. त्यांच्या काँप्युटरची स्मरणशक्ती होती ३२ किलोबाइट. आजच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. तरी खेळात आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह होते! ग्रह साठवलेलेच नव्हते, बियांमधून लागतील तसे उगवत होते. आठ गुणिले २५६ किती? हा आकडा लक्षात ठेवा, पुढे भेटणार आहे.

'माइनक्राफ्ट'सुद्धा मार्कस पर्सन या स्वीडनमधल्या प्रोग्रामरनं २००९ मध्ये घरी, फावल्या वेळात सुरू केला. त्यात सुरुवातीला एक चूकही होती. खेळाडू एका दिशेनं सुमारे सव्वा कोटी ठोकळे चालत गेला, की आकडेमोड गडबडायची आणि जमिनीच्या जागी आभाळाला टेकणाऱ्या भोकाभोकांच्या भिंती उभ्या राहायच्या. लोकांनी त्या जागेला 'फार लँड्स' असं नाव दिलं, म्हणजे दूरचा मुलूख. २०११ मध्ये चूक दुरुस्त झाली तेव्हा कित्येकांना वाईट वाटलं!

तर डोंगर झाले. 'गोडॉट'सारखं गेम करण्याचं साधन फुकट मिळतं. त्यात एका संध्याकाळी डोंगर, दुसऱ्या संध्याकाळी गवत, तिसऱ्या दिवशी तळं. आणि मग? मग काहीच नाही. त्या डोंगरावर करायचं काय, हे ठरलेलंच नसतं. हौसेनं गेम करू लागलेले बरेच जण इथेच अडकतात असं मला वाटतं. नुसता देखावा म्हणजे खेळ नव्हे. म्हणून जाणती माणसं नवख्यांना सांगतात, आधी लहान खेळ पुरा करा. बसची वाट पाहताना खेळता येतो, शिकवावा लागत नाही, त्याला 'कॅज्युअल गेम' म्हणतात.

पण लहान म्हणजे सोपा, असं मात्र समजू नका. अमेरिकेतल्या एशर वोल्मर यांनी एका रात्रीत एका खेळाचा कच्चा नमुना केला. चार बाय चारची चौकट, त्यात आकड्यांच्या चकत्या. सरकवून १ आणि २ एकमेकांवर आणले की ३, मग ३ आणि ३ चे ६, ६ आणि ६ चे १२. खेळ एका रात्रीचा, पण तो पुरा व्हायला चौदा महिने लागले! वोल्मर आणि त्यांचे चित्रकार मित्र ग्रेग वोल्विंड यांनी आकड्यांऐवजी सुशी हा जपानी खाद्यपदार्थ घालून पाहिला, बुद्धिबळाच्या सोंगट्या घालून पाहिल्या. शेवटी पुन्हा साधे आकडेच आले, फक्त त्यांना इवलेसे चेहरे मिळाले. फेब्रुवारी २०१४ मध्ये 'थ्रीज' हा खेळ आयफोनवर आला. किंमत दोन डॉलरच्या आत.

काही आठवड्यांतच त्याच्यासारखे दिसणारे खेळ निघू लागले. अशाच एका खेळावरून मार्च २०१४ मध्ये इटलीतल्या गाब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या मुलानं शनिवार-रविवारात आपला खेळ लिहिला. आपल्याला गेम करता येतो का, एवढंच त्याला पाहायचं होतं. त्यानं तो फुकट ठेवला, आतला प्रोग्रामही सगळ्यांना खुला केला. नाव होतं '२०४८'. (आठवला आकडा?) आठवड्याच्या आत ४० लाखांवर लोक तो खेळून गेले. कळस म्हणजे काही जण 'थ्रीज'लाच '२०४८'ची नक्कल म्हणू लागले! 'थ्रीज'च्या जोडीला हे फार लागलं. चौदा महिन्यांत एकमेकांना लिहिलेली पत्रंच त्यांनी जगापुढे ठेवली. त्या वर्षाअखेर ॲपलनं 'थ्रीज'ला आयफोनवरचा वर्षातला सर्वोत्तम गेम ठरवलं, पण घराघरांत पोचला तो '२०४८'.

यात चूक कोणाची? चिरुल्लीनं पैशासाठी काही केलं नव्हतं, आणि दुसऱ्याचा खेळ पाहूनच तर आपण सगळे शिकतो. तरीही मला 'थ्रीज'वाल्यांची बाजू जड वाटते. शिकण्यासाठी केलेली नक्कल घरात ठेवावी आणि बाहेर द्यायची तर मूळ खेळाचं नाव आधी घ्यावं. तुमचं मत वेगळं असू शकेल. जेवताना घरी विषय काढून पाहा.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट. व्हिएतनामच्या हनोई शहरातल्या डाँग न्गुयेन यांनी दोन-तीन दिवसांत 'फ्लॅपी बर्ड' केला होता. २०१४ च्या सुरुवातीला तो जगभर गाजला. जाहिरातींतून दिवसाला सुमारे ५० हजार डॉलर मिळतात, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं. आणि फेब्रुवारीत त्यांनी तो खेळ चक्क काढून घेतला! लोकांना त्याचं व्यसन लागतंय, हे आपल्याला सोसत नाही, असं कारण त्यांनी दिलं.

आता आईबाबांसाठी थोडं, कारण एवढे डॉलर ऐकून घरात चर्चा होणारच. असे खेळ हजारांत एखादे. विकायचं म्हटलं तर 'स्टीम' या दुकानात प्रत्येक खेळामागे आधी १०० डॉलर भरावे लागतात आणि विक्रीतले साधारण ३० टक्के दुकान ठेवतं. म्हणजे १०० रुपयांच्या खेळातले ७० उरतात, कर निराळा. गूगल प्लेवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात, पण वय १८ पूर्ण हवं, तेव्हा खातं मोठ्यांनीच उघडून चालवायचं. शिवाय नव्या वैयक्तिक खात्यावरचा खेळ आधी निदान १२ जणांनी सलग १४ दिवस तपासायचा, असा नियम आहे. १२ जण म्हणजे क्रिकेटची एक टीम आणि एक राखीव! फुकट द्यायचा असेल तर 'इच डॉट आयओ' या ठिकाणी सुरुवातीला पैसे लागत नाहीत.

पण पहिली तपासणी काँप्युटरशिवायच होते. तुमच्या मनातल्या लहान खेळाची चौकट पुठ्ठ्यावर आखा, चकत्या कापा आणि शेजारच्या ताईपुढे ठेवा. नियम एका वाक्यात सांगा. मग तोंडाला कुलूप! ती कुठे अडते, कुठे हसते, कुठे जांभई देते ते वहीत लिहून घ्या. खेळ संपल्यावर ती आपणहून "परत मांड" म्हणते का, ते बघा.