नाव पुसले, तरी अक्षरे का राहतात?

घाटकोपर पूर्वेला द्रुतगती महामार्ग ओलांडून पुढे गेले की तिवरांची झाडी आणि तिच्यापलीकडे ठाण्याची खाडी लागते. या खाडीत पूर्वी लाकडी होड्या असत. आता फायबरच्या होड्याही सर्रास दिसतात. आमच्या एका स्नेह्यांनी अशीच एक जुनी, छोटी फायबरची होडी ट्रॉम्ब्याच्या एका नाखव्याकडून विकत घेतली. होडीच्या दोन्ही अंगांवर ऑइलपेंटने ठळक नाव लिहिलेले होते. ते काढून त्यांना नवे नाव घालायचे होते.

एका बाजूला त्यांनी जाड पॉलिश पेपरने अक्षरे जोर लावून घासली. दुसऱ्या बाजूला थिनरचा बोळा फिरवला. दोन्हीकडचा रंग गेला, पण नाव दोन्हीकडे वाचता येतच होते! पहिल्या बाजूला खोलगट, खरखरीत अक्षरे होती आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत, चकचकीत. ‘रंग शिल्लक नाही, मग वाचता कसे येते?’ हा प्रश्न घेऊन ते आमच्याकडे आले. या साध्या प्रश्नात शालेय रसायनशास्त्राचे बरेच धडे दडलेले आहेत.

होडी आणि रंग : एकाच कुळातले

ज्याला आपण ‘फायबर’ म्हणतो, ते काचेचे धागे आणि पॉलिएस्टर राळ यांचे मिश्रण असते. पातळ राळेत उत्प्रेरक मिसळला की तिच्या लांब रेणूंमध्ये आडवे बंध तयार होतात आणि सगळी राळ एका जाळ्यात बांधली जाते. हे उष्मादृढ प्लास्टिक होय. ते पुन्हा वितळत नाही, की द्रावकात विरघळत नाही. होडीच्या बाहेरच्या अंगाला याच राळेचा, पण धाग्यांशिवायचा, रंगीत थर असतो. त्याला जेलकोट म्हणतात. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० मायक्रॉन. पाणी आणि काचेचे धागे यांच्यामध्ये एवढीच भिंत असते.

आता ऑइलपेंट पाहू. त्यातील मुख्य घटक अल्कीड राळ. तीही एक प्रकारची पॉलिएस्टरच, फक्त तिच्यात तेलातील मेदाम्ले जोडलेली असतात. हवेतील ऑक्सिजनमुळे या मेदाम्लांमध्ये बंध निर्माण होतात आणि रंग वाळतो. म्हणजे रंग आणि होडी एकाच कुळातले झाले. दोघांतही एस्टर बंध आहेत.

अडचण इथेच आहे. कॉस्टिक सोडा एस्टर बंध तोडतो, म्हणून त्याने जुना ऑइलपेंट सुटतो. पण तो होडीच्या राळेतले एस्टर बंधही ओळखतोच! द्रावकाचेही तसेच. रंगाचे जाळे विरळ असते. ते द्रावक चटकन शोषून फुगते, सुरकुतते आणि सुटून येते. जेलकोटचे जाळे घट्ट असते, म्हणून त्याला फुगायला वेळ लागतो. आपल्याला उपयोग करून घ्यायचा आहे तो वेळेतल्या या फरकाचा. म्हणून द्रावकाने भिजवलेला बोळा थोडा वेळ फिरवून लगेच पुसावा. तो चिकटवून ठेवू नये.

मागे राहिलेली अक्षरे

स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र सूर्यप्रकाशात आहे. वर्षानुवर्षे उन्हात असलेल्या जेलकोटवर अतिनील किरण पडतात. त्यांच्या ऊर्जेने राळेतील बंध तुटतात, ऑक्सिजनशी क्रिया होते आणि पृष्ठभाग खडूसारखा भुरकट होतो. हात फिरवला तर बोटांना भुकटी लागते. पण अक्षरांच्या रंगाखाली हे किरण पोचत नाहीत. तिथला जेलकोट पहिल्या दिवसासारखा राहतो. रंग काढताच हा ताजा भाग उघडा पडतो आणि भुरकट पार्श्वभूमीवर नाव पुन्हा उमटते.

म्हणजे दोष अक्षरांच्या जागी नाहीच. दोष आहे तो भोवतालच्या जागी. म्हणून घासायचे ते अक्षरांना नव्हे, अक्षरांभोवतीच्या भुरकट थराला! स्नेह्यांनी पहिल्या बाजूला नेमके उलटे केले होते. होडीचा सर्वांत निरोगी भाग त्यांनी खरवडला होता.

अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

पॉलिश पेपरवरचा आकडा जितका लहान, तितके त्यावरचे कण मोठे. ८० नंबरच्या कागदावरील कण सुमारे २०० मायक्रॉनचे असतात, ४०० नंबरचे सुमारे ३५ मायक्रॉनचे आणि १००० नंबरचे सुमारे १८ मायक्रॉनचे. ५०० मायक्रॉनच्या थरावर ८० नंबरचा कागद जोराने फिरवला तर भिंत किती उरेल, याचा अंदाज विद्यार्थ्यांनाही करता येईल.

जेलकोट फार पातळ झाला की पाणी आतल्या धाग्यांपर्यंत पोचते. तसेही जेलकोटमधून पाण्याचे रेणू अगदी सावकाश आत जातच असतात. आतल्या राळेचे जलापघटन होऊन तयार झालेले पदार्थ त्या पाण्यात विरघळतात आणि संहत द्रावण तयार होते. जेलकोट निवडक्षम पटलासारखा वागतो, बाहेरचे पाणी आत ओढले जाते आणि होडीला फोड येतात. बेदाणे पाण्यात टाकून आपण वर्गात दाखवतो ते परासरण हेच.

तेव्हा सुरुवात नेहमी सर्वांत सौम्य उपायाने करावी. आधी साबणाचे पाणी, मग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडणे, मग थोडासा द्रावक. चिकटवलेली अक्षरे असतील तर केस वाळवायच्या यंत्राची ऊब पुरते. रंग गेल्यावर भोवतालच्या भागावर ४०० ते १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासह, नंतर रबिंग कंपाउंड आणि शेवटी मेण. मात्र नोंदणी क्रमांक हे नाव नव्हे. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर नौकांच्या ओळखीकडे अधिक काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले. मत्स्यव्यवसाय विभागाकडील नोंद बदलल्याशिवाय क्रमांकाला हात लावू नये.

श्वास आणि खाडी

काही पेंट रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमेथेन असते. त्याचे रेणुवस्तुमान ८५, तर हवेचे सरासरी २९. म्हणजे त्याची वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड. ती होडीच्या तळाशी साचते, आणि वाकून काम करणाऱ्याचे नाक तिथेच असते. शरीरात तिच्या काही भागाचे कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होते. अशा कामात माणसे दगावलेली आहेत. अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती वापरासाठी या रिमूव्हरच्या विक्रीवर बंदी घातली. बंदिस्त जागेत ते वापरूच नये.

दुसरा प्रश्न भुकटीचा. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर दशलक्षात ९० भाग ही मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे बरेच जास्त असू शकते. कोरडे घासले तर ही भुकटी छातीत जाते, आणि खाडीकाठी घासले तर पाण्यात. घाटकोपरसमोरची खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तिची रामसर यादीत नोंद झाली. फ्लेमिंगो चोचीने चिखलपाणी गाळून खातो. त्याला प्लॅस्टिकची भुकटी वेगळी काढता येत नाही. म्हणून होडी काठापासून दूर घ्यावी, खाली ताडपत्री अंथरावी, ओले घासावे आणि गढूळ पाणी फडक्यातून गाळून गाळ वेगळा ठेवावा.

स्नेह्यांच्या होडीची थिनर लावलेली बाजू दोन दिवसांच्या घासकामात एकसारखी झाली. दुसऱ्या बाजूच्या खड्ड्यांत मात्र नवा जेलकोट भरावा लागला.

वर्गात करून पाहा

१. वर्तमानपत्राच्या कागदावर जाड पुठ्ठ्याची अक्षरे ठेवून तो आठवडाभर उन्हात ठेवा. अक्षरे उचलल्यावर काय दिसते?

२. थर्मोकोलचा तुकडा आणि फायबरच्या पत्र्याचा तुकडा यांवर ॲसिटोनचे दोन-दोन थेंब टाका. हा प्रयोग शिक्षकांनीच करावा. खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळ ज्योत नको. एक तुकडा वितळल्यासारखा होतो, दुसरा तसाच राहतो. दोन्ही प्लास्टिकच, मग फरक कशामुळे पडला, हे विद्यार्थ्यांना रेणूंच्या आकृत्या काढून सांगू द्या.