घोड्यांचे केस कातरण्याचे यंत्र

घोड्यांचे केस कातरण्याचे यंत्र अथवा क्लिपर हे घोड्याच्या अंगावरील दाट हिवाळी केस आखूड करण्यासाठी वापरले जाणारे, बहुधा विजेवर किंवा बॅटरीवर चालणारे हातयंत्र आहे. त्यात एकावर एक बसवलेली दोन दातेरी पाती असतात. खालचे पाते स्थिर राहते व वरचे त्यावर वेगाने डावी-उजवीकडे सरकते. बुजऱ्या घोड्यासाठी यंत्र निवडताना त्याचा आवाज व कंपन यांना विशेष महत्त्व असते.

पार्श्वभूमी

समशीतोष्ण प्रदेशात दिवस लहान होऊ लागले की घोड्याच्या अंगावर दाट केस येतात. हा बदल मुख्यत्वे थंडीमुळे नव्हे, तर प्रकाशाचा कालावधी घटल्यामुळे सुरू होतो. हिवाळ्यात नियमित काम करणारा घोडा या केसांखाली घामाघूम होतो. घाम लवकर वाळत नाही आणि काम थांबल्यावर त्याला थंडी बाधते. म्हणून ब्रिटनसारख्या देशांत साधारणतः ऑक्टोबरपासून केस कातरले जातात व त्यांची उणीव झुलीने भरून काढली जाते. ‘हंटर’ पद्धतीत पाय आणि खोगिराखालची जागा सोडून बाकी सर्व अंग कातरतात. ‘ट्रेस’ पद्धतीत मुख्यतः मानेखालचा व पोटाकडचा पट्टा कातरतात. हे नाव गाडी ओढण्याच्या साजातील पट्ट्यांवरून पडले आहे.

विजेपूर्वीच्या यंत्रांत एक जण हाताने चाक फिरवी व दुसरा लवचीक दांड्याच्या टोकाला जोडलेली पाती चालवी. अमेरिकेत १८९७ साली स्थापन झालेली शिकागो फ्लेक्सिबल शाफ्ट कंपनी अशी यंत्रे बनवीत असे. हीच पुढे सनबीम या नावाने घरगुती उपकरणांसाठी प्रसिद्ध झाली.

घोडा का बुजतो

माणसाला सुमारे २० ते २०,००० हर्ट्‌झ वारंवारतेचे ध्वनी ऐकू येतात, तर घोड्याची श्रवणमर्यादा सुमारे ५५ ते ३३,५०० हर्ट्‌झ आहे. मोटार व पात्यांच्या घर्षणातून निघणारे काही अतिशय तीव्र स्वर माणसाला ऐकूच येत नाहीत, घोड्याला मात्र येऊ शकतात. त्यामुळे मालकाला शांत वाटणारे यंत्र घोड्यालाही तसेच वाटेल, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय घोड्याची त्वचा इतकी संवेदनशील असते की माशी बसली तरी तेवढाच भाग थरथरवून तो ती उडवतो. अशा त्वचेवर यंत्राचे कंपन जाणवणारच. घोडा आवाजाला घाबरतो की स्पर्शाला, हे आधी पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. यंत्र दूर चालू असताना शांत राहणारा, पण अंगाला लागताच उसळणारा घोडा केवळ कमी आवाजाच्या यंत्राने सुधारत नाही.

यंत्राची निवड

उत्पादक आवाजाची पातळी डेसिबलमध्ये देतात. हे मापन लघुगणकीय असल्याने १० डेसिबलची वाढ माणसाच्या कानाला साधारण दुप्पट मोठी भासते. मात्र मापनाचे अंतर आणि यंत्रावरील भार सारखे नसतील, तर दोन उत्पादकांच्या आकड्यांची तुलना निरर्थक ठरते. शक्य असल्यास यंत्र प्रत्यक्ष चालवून पाहणे अधिक भरवशाचे. चुंबकीय मोटारीची काही यंत्रे सुरू करताच ‘खट्’ असा आवाज करतात. पुढची गुणगुण सहन करणारे घोडेही या पहिल्या आवाजाला दचकू शकतात.

बॅटरीवरील लहान यंत्रे हलकी व तुलनेने शांत असतात आणि त्यांच्या वायरीत घोड्याचा पाय अडकण्याचा धोका नसतो. परंतु त्यांची पाती अरुंद असतात. दाट केसांचे संपूर्ण अंग त्यांनी कातरायला बराच वेळ लागतो, पाती तापतात आणि घोड्याचा धीर सुटतो. त्यामुळे धडासाठी मोठे व डोके, कान, पाय यांसाठी लहान यंत्र ठेवण्याची पद्धत व्यवहार्य ठरते.

महागडे शांत यंत्रही निगा नसेल तर खडखडते. पाती कोरडी असल्यास किंवा त्यांचा ताण चुकल्यास आवाज व उष्णता वाढते. बोथट पाती केस कापण्याऐवजी ओढतात. काम चालू असताना अधूनमधून तेल देणे, पाते हाताच्या पाठीला लावून तापले का ते पाहणे आणि आधी घोड्याला खरारा करून धूळ काढणे हे मोतद्दाराचे नेहमीचे काम होय.

सवय लावणे

कातरणीच्या काही आठवडे आधी बंद यंत्र अंगावर फिरवणे, मग ते दूर चालू ठेवणे, नंतर चालू यंत्र धरलेल्या हाताची पाठ खांद्याला टेकवणे, अशा पायऱ्यांनी घोड्याला सवय लावतात. घोडा स्थिर राहिला की यंत्र दूर नेणे, ही यातील कळीची बाब. तो उसळल्यावर यंत्र मागे घेतले, तर उसळल्याने सुटका होते हेच तो शिकतो.

इतके करूनही उपयोग न झाल्यास पशुवैद्य गुंगीचे औषध देतात. औषध दिलेला घोडा झोपाळू दिसला तरी अचानक लाथ मारू शकतो. काही औषधांनी घामही येतो, आणि ओल्या केसांवर यंत्र नीट चालत नाही.

नियम

ओठ, नाकपुड्या व डोळ्यांभोवतीचे लांब केस ही घोड्याची स्पर्शेंद्रिये आहेत. ते कातरलेल्या घोड्यांना आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या स्पर्धांत १ जुलै २०२१ पासून भाग घेता येत नाही. वैद्यकीय कारणासाठी पशुवैद्याने ते काढले असल्यास अपवाद केला जातो.