जर्सीच्या किनाऱ्यावरचे बारा दिवस

१२ जुलै १९१६. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातले मॅटवान गाव उकाड्याने हैराण झाले होते. थॉमस कॉट्रेल हा निवृत्त कप्तान खाडीवरच्या पुलावरून चालला असताना त्याला खालच्या पाण्यात एक मोठा शार्क दिसला. भरतीच्या पाण्याबरोबर तो गावाच्या दिशेने वर सरकत होता. सारा जन्म दर्यावर काढलेल्या त्या माणसाने तडक गाव गाठले आणि दिसेल त्याला सावध केले. कोणी मनावर घेतले नाही. खाडी अरुंद, समुद्र काही मैल लांब. तिथे शार्क कुठून येणार?

गावकऱ्यांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांच्या अविश्वासामागे त्या काळच्या विद्वानांचे वजन होते. हर्मन ओलरिक्स या न्यूयॉर्कच्या धनिकाने १८९१मध्ये ५०० डॉलरचे बक्षीस लावले होते. नॉर्थ कॅरोलायनातल्या केप हॅटरासच्या उत्तरेला शार्कने जिवंत माणसावर हल्ला केल्याचा खात्रीलायक पुरावा आणा आणि रक्कम घेऊन जा. बक्षीस कोणी मागायला आले नाही. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीचे संचालक फ्रेडरिक लुकस यांचेही मत असेच होते. शार्कच्या जबड्यात माणसाच्या पायाचे हाड तोडण्याइतकी ताकद नसते, असे ते सांगत. खलाशी आणि कोळी पिढ्यान्‌पिढ्या वेगळे सांगत आले होते, पण त्यांच्या साक्षीला पुराव्याचे मोल नव्हते.

त्या उन्हाळ्यात किनाऱ्यावर नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. न्यूयॉर्क शहरात पोलिओची साथ पसरली होती. वर्षअखेरपर्यंत तिथे या साथीने दोन हजारांहून अधिक जीव घेतले, त्यात बहुतेक लहान मुले. ज्यांना परवडत होते ते मुलाबाळांसह समुद्रकाठच्या हॉटेलांत येऊन राहिले होते.

१ जुलैच्या संध्याकाळी बीच हेवन इथे चार्ल्स व्हॅन्सँट हा फिलाडेल्फियाचा तरुण पोहायला उतरला. एक कुत्राही त्याच्याबरोबर पाण्यात होता. त्याच्या हाका ऐकून काठावरच्या लोकांना वाटले, तो कुत्र्याला बोलावतो आहे. जीवरक्षकाने आणि इतरांनी त्याला ओढून बाहेर काढले, तेव्हा मांडी फाटलेली होती. त्याचे वडील डॉक्टर होते आणि तिथेच होते, तरी रक्तस्राव थांबला नाही. एंगलसाइड हॉटेलात त्याने प्राण सोडला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती बातमी शेवटच्या पानावर छापली. किनारे उघडेच राहिले.

६ जुलैला सुमारे ४५ मैल उत्तरेला, स्प्रिंग लेकमध्ये, चार्ल्स ब्रूडर हा हॉटेलातला स्वित्झर्लंडहून आलेला कर्मचारी मारला गेला. एक लाल होडी उलटल्याचे एका बाईने ओरडून सांगितले. तो लाल रंग रक्ताचा होता. ब्रूडरचे दोन्ही पाय तुटले होते. हॉटेलच्या पाहुण्यांनी आणि नोकरवर्गाने त्याच्या आईसाठी वर्गणी गोळा केली. दोन दिवसांनी म्युझियममध्ये पत्रकार परिषद झाली. पुन्हा असा हल्ला होण्याची शक्यता फार कमी, असा दिलासा तिथे देण्यात आला.

त्यानंतर चौथ्या दिवशी, म्हणजे १२ जुलैलाच, मॅटवानच्या खाडीत पोरे डुंबत होती. लेस्टर स्टिलवेल हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा त्यांच्या डोळ्यांदेखत पाण्याखाली ओढला गेला. मुले ओरडत गावात धावली. लेस्टरला फिट येत असे, त्यामुळे तो बुडाला असेल असेच मोठ्यांनी धरले. कॉट्रेलचे ऐकले गेले नाही, आता मुलांचेही नाही. स्टॅनली फिशर हा २४ वर्षांचा शिंपी लेस्टरला शोधायला पाण्यात उतरला. काठावर गर्दी जमलेली असताना शार्कने त्याची मांडी फोडली. त्याला रेल्वेने लाँग ब्रँचच्या रुग्णालयात नेले, पण तो वाचला नाही. अर्ध्या तासाच्या आत खाडीत थोडे खाली जोसेफ डन या १४ वर्षांच्या मुलाचा पाय शार्कने धरला. त्याच्या भावाने आणि मित्राने त्याला खेचून सोडवले. तो बचावला आणि सप्टेंबरमध्ये घरी परतला.

मग अविश्वासाची जागा सूडाने घेतली. मॅटवानकरांनी खाडीत सुरुंग फोडले, बंदुका चालवल्या. ॲज्बरी पार्कने पोहण्याच्या जागेभोवती तारेची जाळी ठोकली, मोटरबोटींची गस्त सुरू झाली. लोकप्रतिनिधी आयझॅक बॅकराक यांनी शार्कच्या बंदोबस्तासाठी अमेरिकी काँग्रेसकडे ५,००० डॉलर मागितले. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या मंत्रिमंडळातही हा विषय निघाला. किनाऱ्याकिनाऱ्याने शेकडो शार्क मारले गेले. त्यांतल्या बहुतेकांचा माणसाच्या रक्ताशी काडीचा संबंध नव्हता.

१४ जुलैला मायकेल श्लायसर या हार्लेममधल्या, मेलेल्या प्राण्यांच्या कातडीत भुसा भरणाऱ्या कारागिराने रॅरिटन उपसागरात साडेसात फुटी, ३२५ पौंडांचा शार्क मारला. खाडीचे मुख तिथून जवळच. तो निघाला ग्रेट व्हाइट जातीचा कोवळा शार्क. पोटात सापडलेले मांस आणि हाडे मानवी असल्याचे काही जाणकारांनी सांगितले. त्यानंतर त्या उन्हाळ्यात तिथे हल्ला झाला नाही. तरीही सगळे हल्ले याच शार्कने केले का, हा वाद मिटलेला नाही. ग्रेट व्हाइट सहसा खाडीत शिरत नाही. बुल शार्कला मात्र गोडे पाणीही मानवते. तो नद्यांतून कित्येक मैल आत जातो, गंगेतही आढळतो. म्हणून मॅटवानचा गुन्हेगार बुल शार्क असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

त्या वर्षी विल्सन निवडणूक जिंकले, पण न्यू जर्सीत हरले. क्रिस्टोफर एकन आणि लॅरी बार्टेल्स या राज्यशास्त्रज्ञांच्या मते किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांतली त्यांची मते शार्कमुळे सुमारे तीन टक्क्यांनी घटली. अँथनी फाउलर आणि अँड्र्यू हॉल या दुसऱ्या दोन अभ्यासकांनी हा पुरावा कच्चा ठरवला आहे. भीतीचा शिक्का मात्र खोल उमटला. १९७५च्या ‘जॉज’ चित्रपटातही १९१६चा उल्लेख येतो. ज्या कादंबरीवर तो बेतला तिचे लेखक पीटर बेंचली पुढे आयुष्यभर शार्कच्या संरक्षणासाठी झटले. आज जगभरात शार्कने आपणहून केलेले हल्ले वर्षाला साठ-सत्तरच्या आसपास असतात, मृत्यू जेमतेम पाच-सहा. उलट, २०१९ या एका वर्षात मासेमारीत सुमारे ८ कोटी शार्क मारले गेले, असा अंदाज आहे.

महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एका मोठ्या शार्कने एका तरुणाच्या पायाचा लचका तोडला. समुद्रापासून इतक्या आत शार्क आलाच कसा, हा मॅटवानचाच प्रश्न तिथेही विचारला गेला. आपल्या खाड्यांत रोज कोळी उतरतात, पोरे पोहतात. कोणत्या खाडीत, कोणत्या महिन्यांत, भरतीबरोबर कुठवर शार्क येतात, हे जाळी टाकणाऱ्यांना विचारून नोंदवायला हवे. त्या नोंदी काठच्या शाळांत आणि ग्रामपंचायतींच्या फलकांवर पोहोचायला हव्यात. हे काम मत्स्य विभागाने आणि वन विभागाने मिळून हाती घ्यावे. त्यासाठी पुढच्या अपघाताची वाट पाहू नये.